आहो ते व्हाय, दहा मैल

नकाशात गावाचं नाव पाहिलं तेव्हाच मला हसू फुटलं.
ॲरिझोनात, वाळवंटाच्या पोटात, तांब्याची खाण बंद पडलेलं गाव;
म्हणतात आहो.
आणि दक्षिणेला दहा मैलांवर दुसरं : व्हाय.
जयवंत म्हणाला, "एवढाच तर संसार.
तू अहो म्हणायचं, मी का म्हणायचं."

पुढे त्याची सायकल, मागे माझी,
माझ्या हँडलला वही, दोरीने बांधलेली पेन्सिल.

सायकलवरून झाड ओळखणं म्हणजे
पंगतीत भात वाढताना
कुणीतरी ओळखीचं दिसणं.
नाव ओठांवर येईतो
आपण चार पानं पुढे.

सग्वारो सोपा.
त्याला पहिला हात फुटायला साठ-सत्तर वर्षं लागतात म्हणे.
मी बासष्टची.
त्याच्याखाली पाणी पिताना
बरं वाटलं उगाच.

ओकोटियोने फसवलं.
काटेरी काठ्यांचा भारा, वर लाल तुरे;
काल संध्याकाळी मी निवडुंगांच्या यादीत घातला
तर सायकलवाल्या लोरेनाने माझ्याच पेन्सिलीने खोडला.
"काटे आहेत म्हणून कुणी कॅक्टस होत नाही."
जयवंतने मान डोलावली.
कुणाच्या बाजूने, ते विचारलं नाही.

निघताना तिनेच एक कंगवा दिला.
जयवंतला तर पूर्ण टक्कल.
"चोयासाठी," ती म्हणाली.
तिसऱ्या मैलावर कळलं :
कापसाच्या बाहुलीसारखं लुसलुशीत दिसणारं झाड,
नुसतं जवळून गेलं तरी
एक गोळा पोटरीला येऊन बसतो
आणि बोटाने काढायला जावं
तर बोटावर.
कंगव्याने उडवला. वहीत लिहिलं : चोया.
पुढे एक शिवी लिहिली, मग खोडली.

मेस्कीटच्या शेंगा पाहून मात्र ब्रेक दाबला.
अगं, तू?
आमच्याकडे ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ,
तिचीच ही सख्खी कुणीतरी.
इथे हिच्या शेंगांचं पीठ करतात,
लाकडावर मांस भाजतात,
वेडी कुणी म्हणत नाही.

सातव्या मैलावर मागचं चाक बसलं.
फुस्स, आणि माझ्या तोंडून निघालं :
"अहो!"

या देशात सव्वीस वर्षं
मी त्याला नावाने हाक मारते,
बँकेत, दवाखान्यात, भांडणात.
तो वळून म्हणाला,
"ते गाव मागे राहिलं."

टायर फिरवत गेले. बोटाला लागला.
दोन शिंगांचा, राखाडी, हरभऱ्याएवढा.
हे लोक याला बोकडाचं डोकं म्हणतात.
आपण त्यात गाईचा खूर पाहिला, गोखरू म्हटलं;
आणि आटपाडीत आम्ही पोरी
सराटा.

शाळेच्या वाटेवर अनवाणी टाचेत मोडलेला,
फ्रॉकची पिन काढून
एका पायावर उभं राहून उकरलेला.
पुस्तक उघडायची गरज पडली नाही.

त्याच वाटेला बांधावर फड्या निवडुंग असे.
बोंडं खाऊन जिभा लाल करत
आम्ही वर्गात शिरायचो.
तो मूळचा या मुलखाकडचा,
हे मला इथे येऊन कळलं.
कधी कुठल्या गलबतातून तो तिकडे गेला,
कुठल्या मेंढीच्या लोकरीत अडकून
सराटा इकडे आला,
कोण जाणे.
कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.
जागा दोघांनाही भरपूर मिळाली.

जयवंत ट्यूबला ठिगळ लावतोय,
डिंक वाळेपर्यंत फुंकर घालतोय.
मी चाक धरून उभी,
मांडीवर वही टेकवून लिहिते :
सराटा. मैल सात, रस्त्याची उजवी कड.
ओळख कशी पटली, या रकान्यात
अंगठा, असं लिहिलं.

"किती राहिलं?" तो विचारतो.
तीन मैल.
पंपाचा दट्ट्या माझ्याकडे देतो.