किल्लीबरोबर

बस, यास्ना. आधी हा येर्बाचा कडू चहा घे.
नळीनं ओढ, ढवळू नकोस.
ढवळलं की नळी तुंबते
आणि बोलणंही.

तू अंतोफागास्ताची, वाळवंटातली.
तुमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा.
इथं चिलोएत तो घरातलाच,
तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस, त्याला पायपुसणं दे:
एक दाराबाहेर, एक दाराआत,
आणि ओल्या बुटांना चुलीमागची ती फळी.

सरपण पहिलं. बाकी सगळं मागाहून.
उल्मोचं लाकूड घे, तेही जानेवारीत,
थंडी सुरू झाल्यावर भाव विचारणारा मूर्ख ठरतो.
दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघ:
ठक्क वाजलं तर सुकं,
थप्प वाजलं तर गाडी परत पाठव,
विकणारा माझा चुलतभाऊ असला तरी.
(आहेच तो. आबेलार्दो. थप्पच असतं त्याचं.)

रात्री चुलीची झडप अर्धीच लाव.
पूर्ण लावलीस तर धूर
तुझ्या छातीत झोपायला येईल.
किटली मात्र कधी रिकामी ठेवू नकोस.
इथं कुणी कळवून येत नाही,
आणि आलेल्याला पहिला दिलासा
पाण्याच्या आवाजाचाच असतो.

वारा ओळखायला शीक.
उत्तरेचा सुटला की हातातलं टाकून दोरीकडे धाव.
दक्षिणेचा असला की चादरी धू, गोधड्या धू,
हौस असेल तर पडदेसुद्धा.
रेडिओचं ऐकू नकोस, समोरचं बेट बघ.
त्यावरची झाडं मोजता येतील इतकं ते जवळ आलं
तर उद्या भिजलीस म्हणून समज.

जेवायचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी लाव.
ऊन येतं ते तेवढ्याच खिडकीतून,
अकरा ते दोन, हिवाळ्यात तेही उधारीवर.
मी तिथं कपाट ठेवलं होतं. सासूनं ठेवलं म्हणून मी.
चाळीस वर्षं कपाटानं ऊन खाल्लं
आणि आम्ही दिव्याखाली सूप.
परवा माणसांनी ते उचलून नेलं
तर जमिनीवर उजेडाचा हा एवढा चौकोन पडला.
मी स्टूल घेऊन त्यात बसले, दोन वाजेपर्यंत.
बटाटे सोलायचे राहिले ते राहिलेच.

स्वयंपाकघराचं दार जूनमध्ये फुगतं.
कोपरानं ढकल. रंधा मारू नकोस.
आम्ही मारला एकदा,
तर फेब्रुवारीभर ते थंडी भरल्यासारखं कडकडत राहिलं.
लाकडाचं घर आहे बाई,
सुजतं, उतरतं, त्याचं त्याला कळतं.

जिन्याची तिसरी पायरी करकरते.
नोल्बेर्तो समुद्रावरून रात्री कधीही यायचा.
तेवढी करकर झाली की मी झोपेतच
कूस बदलून त्याची जागा मोकळी करायची.
अकरा वर्षं झाली.
आता ती माझ्या एकटीच्या पायाला वाजते.
तुला त्रास झाला तर खिळा ठोक, हातोडी खालच्या खणात आहे.
मला कळवू मात्र नकोस.

मी पुएर्तो मोंत्तला चाललेय, मुलाकडे, सहाव्या मजल्यावर.
तिथं बटण दाबलं की भिंतीतूनच ऊब येते म्हणे,
सगळ्या खोल्यांत अगदी सारखी.
मग तुम्ही एकत्र कुठं बसता रे, असं विचारलं
तर पोरगा हसला.
मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बरं, मागच्या खिडकीची कडी उलटी बसते,
उजवीकडे ओढायची.
लसूण माळ्यावर टांगलाय, सगळा तुला.
मांजर माझं नाही, पण ते सहा वाजता येईल
आणि तुझ्याकडे असं बघेल
की तूच त्याची गुन्हेगार.

संपला चहा?
थांब, आभार मानू नकोस एवढ्यात.
आमच्यात आभार मानले
की पुन्हा भरून देत नाहीत.
किटलीत पाणी आहे अजून.