सातवा खांब

वेलदूरच्या धक्क्यावर सकाळी सव्वासहा.
तराफा अजून ओला, क्रेन मान खाली घालून उभी,
आणि माझ्या टॅबवर सगळं हिरवं.
हिरवं म्हणजे वेळेत. म्हणजे आज मला ओरडायला नको.

मी वाणिज्य शाखेची.
बिल कुठे अडलंय ते वासावरून कळतं,
भांडलेली दोन माणसं एका टेबलावर बसवता येतात.
खाडीत खांब कसा उभा राहतो, ते येत नव्हतं.
मुलाखतीत तसं सांगितलंही होतं.
ते म्हणाले, त्यासाठी इंजिनिअर आहेत.

माझ्याआधी केळुसकर होते. त्यांना सगळं यायचं.
काँक्रीट चिमटीत चुरून पाणी किती ते सांगायचे,
वेल्डरच्या हातातून दांडी काढून घेऊन
स्वतःच मारून दाखवायचे दोन टाके.
ते रजेवर गेले की काम रजेवर.
त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे;
ज्याला सगळं ठाऊक, त्याला सांगायचं काय?
त्यांचा तिसरा खांब कलता आहे. ओहोटीला दिसतो.
मी रोज तो बघून जराशी सुखावायचे,
हेही सांगून टाकते.

सातव्या खांबाची तारीख मी टाकली, गुरुवार.
धाकू पालशेतकर, तराफ्याचे दोर सांभाळणारा,
विडी विझवत म्हणाला,
"आवस हाय बाय त्या दिवशी. उधान.
भांगात वता. उधानात पानी कोनाचं आयकत नाय."
किती दिवस थांबायचं?
"सात-आठ."
आठ दिवस म्हणजे किती रुपये, मला तोंडपाठ होतं.
उधाण म्हणजे किती पाणी, नव्हतं.
जे येत होतं त्यावरून ठरवलं.

रात्री साडेनऊ. दोन गाड्यांमध्ये पाऊण तासाची फट.
तेवढ्यात भरतीबरोबर तराफा चढला,
तराफ्याबरोबर क्रेन, क्रेनबरोबर नळी.
नळीचं टोक ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेलं लागतं.
हे मला नंतर कळलं.
मी केबिनमधून ऋत्विजला फोन केला: सगळं ठीक?
"हो मॅडम. ठीक."
त्या 'हो'च्या आधी एक श्वास होता.
केळुसकरांनी विचारलं असतं, नळी किती बुडालीय?
माझ्याकडे तो प्रश्नच नव्हता.
मी विचारलं, जेवलास का?

पहाटे तो आला, बूट चिखलाने भरलेले.
म्हणाला, नळी सुटली होती. मध्ये खाडीचं पाणी गेलंय.
तपासणीत आलंच असतं, पण तोवर
वर तुळई चढली असती.
केळुसकरांना सांगितलं असतंस?
तो गप्प. मग म्हणाला,
"त्यांना सांगावं लागलं नसतं.
त्यांनी विचारलं असतं.
आणि मी खोटं बोललो असतो."

यातून काय घ्यायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सातव्याच्या शेजारी आता 'सात-अ' उभा आहे,
हिशेबात माझ्या नावावर.
टॅबमध्ये एक नवा रकाना आहे: तिथी.
धाकू तो बघून हसला, म्हणाला,
आता भटजीचं काम पन गेलं.
मी ऋत्विजकडून शिकते, रोज दोन शब्द,
चुकीचा उच्चारला की तो सुधारतो, आता न लाजता.
वेल्डिंग मला येणार नाही. यायला हवं असंही नाही.

आज अष्टमी. आठवा खांब.
पाणी सुस्त, धक्क्याच्या दगडांना नुसतं चाटतंय.
मी तराफ्यावर उभी, केबिनमध्ये नाही.
नळी किती बुडालीय?
ऋत्विज श्वास घेतो. मी थांबते.
तो वजन बांधलेली दोरी खाली सोडतो, गाठी मोजतो,
एकदा, पुन्हा एकदा.
"अडीच मीटर."

बरं. जेवलास का?