खळ

एकतीस वर्षं मी बेलिफ होतो,
लघुवाद न्यायालय, धोबीतलाव.
पिशवीत समन्स, डबा, आणि औषधाच्या जुन्या बाटलीत
बायकोनं शिजवून दिलेली मैद्याची खळ.
दार उघडलं नाही तर दारावर चिकटवायचं.
दोन पंच, तारीख, वेळ.
लोक आईवरून शिव्या द्यायचे, मी ऐकून घ्यायचो
आणि खाली लिहायचो : बजावणी झाली.

कायदा म्हणजे काय, हे मला विचाराल
तर सांगेन, जो दार ठोठावतो
आणि आपलं नाव सांगतो, तो.

आता भांडुपच्या मिठागरावर
आगऱ्यांच्या बायका बांधावर बसल्यात.
जमीन केंद्राची, पोलीस राज्याचे,
घाम कुणाचा ते सातबाऱ्यावर नाही.
बाराव्या दिवशी पहाटे गाड्या आल्या.
ठिपक्याठिपक्यांचे गणवेश, ढाली, परक्या प्रांतांतली पोरं.
आपले पोलीस बाजूला उभे,
लग्नात मान न मिळालेल्या मामासारखे.

शेवडे म्हणाले, देश एक आहे ना?
मग त्यांचे-आपले कशाला?
मी म्हणालो, घर एक असतं,
तरी खोलीला आतून कडी असतेच की.
ते म्हणाले, सातवी अनुसूची, केंद्रसूची, दोन-अ.
(निवृत्त झाले तरी वाचून येतात.)
मी म्हणालो, राज्यसूची, नोंद पहिली.
आणि तुमच्या दोन-अ मध्ये एक शब्द आहे, साहाय्यार्थ.
साहाय्य मागितलं कुणी? कागद दाखवा.

शेवड्यांनी बशीतला चहा संपवला.
‘आणि त्या जानेवारीत?’

त्या जानेवारीत गल्लीच्या तोंडाशी
एक परक्या भाषेतला जवान येऊन उभा राहिला
आणि पाच रात्रींनंतर आम्ही झोपलो.
आमच्या चौकीतले, ज्यांची पोरं माझ्या पोरांच्या वर्गात,
ते त्या पाच रात्री कुठं होते?
याला माझ्याकडे उत्तर नाही.
तेव्हाही नव्हतं.

द्रौपदी भोईर म्हणाली,
‘आपल्यानी मारलान तवा नाव घेवून मारलान.
ह्ये तं नावपन नाय इचारत.’
यात बरं कुठलं ते तिनं सांगितलं नाही.
पदर खोचला आणि पाण्याचा हंडा पुढं सरकवला.

पंपघराच्या भिंतीवर हुकूम होता.
जवळ जाऊन वाचला, सवयीनं, खालून वर.
सही नाही. जावक क्रमांक नाही.
‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावरून.’
सेलोटेपनं डकवलेला, एक कोपरा वाऱ्यावर फडफडत.
‘हटो चाचा,’ छातीवर पट्टी : हांसदा.
वय माझ्या नातवाचं, बूट मिठानं पांढरे.
विचारलं, किसने बुलाया?
म्हणाला, ऊपर से.
मी वर पाहिलं.
विजेच्या तारा होत्या.

रात्री खळ शिजवायला घेतली.
मैद्याचं प्रमाण तिला ठाऊक होतं, मला नाही,
गुठळ्या झाल्या.
फुलस्केपवर लिहिलं :
ज्या कुणी या माणसांना इथं पाठवलं त्यानं
नाव, हुद्दा आणि अधिकार कळवावा.
आलात याला हरकत नंतर घेऊ,
आधी कोण आलं ते सांगा.
खाली मी, माजी बेलिफ, अधिकार शून्य.

पंच पहिला : द्रौपदी भोईर. अंगठा नाही, पूर्ण सही.
पंच दुसरा मिळेना.
हवालदार घुग्यांनी इकडंतिकडं बघून
नुसतं पेन दिलं.
शेवटी शेवडेच वाकले, पाठ धरून.
‘मजकूर मला मान्य नाही,’ म्हणाले,
‘पण चिकटवलास हे मी पाहिलं.’
आणि तेवढंच लिहून सही केली.

सकाळी कागद नव्हता.
हांसदाच्या जागी दुसराच कुणी उभा,
त्याच्या छातीवर पट्टीही नव्हती.
भिंतीवर खळीचा चौकोन तेवढा राहिलेला,
ओबडधोबड, गुठळ्यांसकट.
त्यावर रात्रीतून मीठ बसलं होतं
आणि मुंग्या लागल्या होत्या.