रकाना सातवा

पाषाणच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
स्क्रीनवर सिक्कीममधलं एक तळं,
निळं नाही, राखाडी,
दूध सांडलेल्या पाटीसारखं.
क्रमांक एकशे बारा.
अकरा वर्षांत सत्तर मीटर पुढे सरकलंय.

ओंगदेन लेपचा नवा लागलाय आमच्याकडे.
सूस रोडला राहतो, पोह्यांवर शेव नको म्हणतो.
काल हेच तळं उघडलं
आणि त्यानं टेबलाखाली हळूच
बूट काढले.

मी म्हटलं, रकाना सातवा : स्थानिक नाव?
म्हणाला, आहे.
पण तिथे कुणी मोठ्यानं बोलत नाही,
बोललं की गारा येतात.
मग टाईप कर ना, आवाज कुठे होतो?
तो नुसता कीबोर्डकडे बघत राहिला.

घोड नदीचा, आमच्या वाडीखालचा डोह.
आई घागर बुडवायच्या आधी
आसरांना विचारायची, बायांनो, घेऊ का?
आणि उत्तर येईस्तोवर थांबायची.
पुढे धरण झालं. डोह पाण्यातच बुडाला.
तेव्हा कुणी विचारलं होतं का, माहीत नाही.

बर्फाचं पाणी बांधाला रेटतंय,
बांध म्हणजे नुसते दगडगोटे.
खाली चार गावं, एक पूल, ओंगदेनची बहीण.
तिला फोन करताना मात्र तो चांगला ओरडतो,
रेंज नसते म्हणून.

संध्याकाळी अहवाल पाठवला.
सातव्या रकान्यात एक आडवी रेघ.
लाल शेरा मारून परत आलाय :
माहिती अपूर्ण.

मी टेबलाखाली
चपला शोधतेय.