मधले तीन सेकंद

चौतीस वर्षं, पोर्तोमधल्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत,
इल्दा क्विन्तेला लोकांना सांगत आली:
आ म्हणा. ताणून. दम संपेपर्यंत.

मासळीबाजारातली देओलिंदा म्हणाली,
जिच्या स्वरतंतूंवर दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या.
तिसरीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या,
जूनपर्यंत कसाबसा पुरवलेला आवाज घेऊन.
एक पाद्री म्हणाला, आणि लाजला.

आवाज बसतो, म्हणतात.
कुठे बसतो, किती दिवस,
उठताना कशाचा आधार घेतो,
यावर तिचे एकसष्ट निबंध.
पहिला तिघांनी वाचला. त्यातला एक नवरा,
तोही शुद्धलेखनापुरता.

पद्धत ठरलेली:
सुरुवात कापायची, शेवटही.
कडा अस्थिर असतात.
मधले तीन सेकंद ठेवायचे, सपाट,
मोजता येतील असे.
थरथर इतके टक्के, खरखर इतके डेसिबल.
विद्यार्थ्यांना तिने हेच शिकवलं,
फळ्यावर कात्री काढून.

निवृत्तीच्या आठवड्यात, खोकी बांधता बांधता,
फिर्मिना आली. अबीलियूची बायको.
अबीलियू म्हणजे क्रमांक चारशे बारा.
पुढे त्याचं स्वरयंत्रच काढावं लागलं,
नऊ वर्षं तो पाटीवर लिहून भांडला,
आणि मार्चमध्ये गेला.

इल्दाने लावून दिलं: आऽऽऽ
फिर्मिना ऐकत राहिली, पर्स मांडीवर घट्ट.
मग म्हणाली, हा कुणीही असेल, डॉक्टर.
आमच्या घरात कुणी असं आ म्हणत नव्हतं.

तळाच्या खोक्यात मूळ फीत होती, न कापलेली.
ती वाजवणारं यंत्र शोधायला चाळीस मिनिटं,
वायर दुसऱ्या मजल्यावरून.

खुर्ची सरकल्याचा आवाज.
खाकरणं. पुन्हा खाकरणं, हे जरा लांबलेलं.
"सुरू झालं का? काय म्हणू? नुसतं आ?
एवढ्यासाठी दोन बस बदलून आलो होय मी!"
आणि मागे कुणीतरी तरुण बाई हसली,
इल्दाला ओळखायला क्षणभर लागला,
"हं, म्हणा आता."

"खोटारडा," फिर्मिना म्हणाली. "एकच बस होती."

फितीत श्वास घेतल्याचं ऐकू आलं, खोल, आज्ञाधारक,
आणि आ सुरू व्हायच्या आत
तिनेच हात पुढे करून बटण दाबलं.
परत लावा, म्हणाली.
खाकरण्यापासून.