नमुना एकोणतीस

सही करायला तिनं पेन पुढं केला
तेव्हा माझ्या नखात ग्रीस होतं.
आयटीआयमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली
तरी ते साबणाला जुमानत नाही.

विकणाराचं नाव: वैजनाथ लिंबाजी सोळुंके.
उत्पादनाचं वर्ष: एकोणीसशे बेचाळीस.
विक्रीचं कारण, असा रकानाच नाही त्यात.
बरं झालं.

जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्यावर,
भट्टीकडं निघालेला भंगाराचा ट्रक.
वर कुलरचे सांगाडे, पत्रे, मोडका नांगर,
आणि नांगराखाली ही,
पुढची स्प्रिंग बोकडाच्या मुंडीसारखी वर करून.
आठ रुपये किलो. एकशे एकवीस किलो.
नऊशे अडुसष्ट मोजले.
हमाल म्हणाला, मास्तर, कामून हो?
उत्तर माहीत असतं
तर पुढची अकरा वर्षं लागली नसती.

टाकी सापडली उदगीरला, रॉकेलच्या दुकानात,
खाली तोटी बसवलेली.
टॅपेट वाजेद मिस्त्रीनं ट्रकच्या ॲक्सलमधून वळले,
तीनदा.
दोनदा बरोबरच होते.
"आवाज येतोय," म्हणायचा.
मला येत नव्हता. वाजेद गेल्यावर यायला लागला.

रंग खरवडत गेलो : निळा, लाल, परत निळा,
सगळ्यांत खाली मातकट, फौजेचा.
कुण्या जवानानं हाकली, कुठं हाकली,
कागद बोलत नाहीत.
मी तोच रंग परत दिला.
बायको म्हणाली, एवढं करून शेणाचा रंग!
पण सीटच्या स्प्रिंगांना तेल तीच घालायची,
शिलाई मशीनच्या कुपीतलं.

आधी दोघं येऊन गेले.
एकाला हॉटेलच्या दाराशी ठेवायची होती,
इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला.
दुसऱ्यानं विचारलं, सेल्फ बसेल का?
दोघांनाही चहा पाजला.

मग ही. सत्यशीला वाघमारे.
अंबडकडं महावितरणात खांबावर चढते.
फोटो काढला नाही. उकिडवी बसली,
खालच्या झाकणातलं तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.
"गळतंय."
गळणारच. गळायचं थांबलं की समजायचं, तेल संपलं.
ती हसली नाही.
रोहित्राबद्दल कुणी सांगावं तशी मान हलवली.

माझ्या गुडघ्याचं तिला सांगितलं नाही.
डॉक्टरनं फिल्मवर बोट ठेवलं होतं, हाडाला हाड घासतंय.
बुश घासलं तर बदलता येतं,
एवढंच मला सुचलं होतं तेव्हा.

तिला म्हणालो,
कार्बोरेटरचं बटण दाब, बोट ओलं होईस्तोवर.
डावा लिव्हर मागं. विसरलीस
तर लाथ परत येते, ही उधारी ठेवत नाही.
आता पाय सावकाश खाली ने. अडेल तिथं थांब.
तिथं ती विचार करते. तू करू नको.
मार.

चौथ्या लाथेला धरलं.
जशी दूर कुणी ओली घोंगडी झटकावी,
एक,
मग विसरून, दुसरी.

सांगितल्यापेक्षा आठ हजार कमी दिले तिनं.
घेतले.
कोपऱ्यावर वळताना ब्रेकला चुकून उजवा पाय गेला,
तिथं गिअर आहे. मी ओरडलो असतो,
पण पुढच्या क्षणी तिनं डावा दाबला होता.

रात्री सव्वानऊला फोन.
"सर, घेत नाही."
फोन इंजिनाजवळ धर. मार.
कुत्रं भुंकलं. तिचा दम.
कोरडं फुस्स.
परत.
थांब, तुझा लिव्हर पुढं राहिलाय. मागं घे.
अजून. हां, अजून थोडा.

बायको उशीवरून बघत होती
माझ्या डाव्या अंगठ्याकडं,
अंधारात मागं मागं सरकणाऱ्या.