मजकुरानुसार

अर्जात माझ्या नावापुढे खूण होती : आंतरराष्ट्रीय.
मी तर देशाबाहेर कधी गेलेच नव्हते.
आत-बाशीहून बिश्केक, टॅक्सीचे सात तास,
दोलोनच्या घाटात उतरून सगळ्यांनी ढकललेली गाडी,
एवढाच माझा परदेश.

फी ऐकून वडिलांनी मनातल्या मनात कळप मोजला होता.
म्हणाले, दोन मेंढ्या.
उशिरा अर्ज भरल्याचा दंड कळला तेव्हा म्हणाले,
आणि तिसरीची एक तंगडी.
हसलो आम्ही. आई हसली नाही.

परीक्षेची शाळा सगळी काचेची.
दारात बूट काढावे लागतील म्हणून
मी न उसवलेले मोजे शोधून घातले होते.
कुणी काढायला सांगितलेच नाहीत.
टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट उजेडात धरला :
इथे तुझ्या नावात वाय आहे, यादीत आय.
सायकाल, मी म्हटलं. कसंही वाचा, मीच ऐकू येते.
त्या फोनवर आधी रशियनमध्ये बोलल्या, मग इंग्रजीत,
मग माझ्याकडे वळून किरगीझमध्ये :
जा, पोरी. पाणी प्यायलीस का?

शेजारी मेर्दान नावाचा तुर्कमेन मुलगा.
चार पेन्सिलींना सुईसारखं टोक काढून आला होता
आणि परीक्षा संगणकावर.
त्या चारही त्याने कडेला ओळीने मांडल्या,
पाहुण्यांना बसवावं तशा.

गणितात मी रमले. गणिताला उच्चार नसतो.
मग उतारे : एक दीपगृह,
कुणाच्या तरी मावशीचा पियानो,
समुद्रातल्या शेवंडांची शेपटी.
मी समुद्र पाहिलेला नाही, पण तो मजकुरात होता
आणि मजकुरातून मला तो नीट पार करता आला.

एकोणिसाव्या प्रश्नात अचानक याक आले.
सात ओळींत माझं अख्खं गाव.
हिवाळा लागताच गुराखी त्यांना खालच्या कुरणांत आणतात,
उंचावरची थंडी त्यांना सोसत नाही म्हणून.
मजकुरानुसार, याक खाली का येतात?

येत नाहीत.
खाली येतो ती आपण माणसं.
याक वरच राहतात, जिथे वारा बर्फ झाडून टाकतो
आणि वाळलेलं गवत उघडं पडतं.
सात वर्षांची असल्यापासून मी वडिलांच्या मागे घोड्यावर बसून
मीठ द्यायला वर गेलेय.
पापण्यांवर आपलाच श्वास गोठतो.
ती काळी, केसाळ टेकडी चालत जवळ येते
आणि तळहात असा चाटते की कातडीची साल निघावी.

हे पर्यायांत नव्हतं.
किंवा होतं : ड मध्ये, वाऱ्याबद्दल काहीतरी,
चुकणाऱ्यांसाठी मुद्दाम पेरलेलं.

वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं.
आमच्या गुल्झात बाईंनी बजावलं होतं,
तुला जे माहीत आहे ते बुटांसारखं दाराबाहेर काढून ठेव.
आत फक्त लिहिलेलं चालतं.
मेर्दानने एक पेन्सिल उचलली, परत ठेवली.
त्याच्याही गावाचं काही आलं होतं का, कोण जाणे.

मी ब निवडला.
ब च बरोबर असणार.

घरी पोचले तेव्हा रात्र बरीच झाली होती.
वडील चुलीत वाळलेलं शेण सारत होते.
काय काय विचारलं?
याकांबद्दल विचारलं.
त्यांचा हात थांबला. तिकडे? अमेरिकेत? आपल्या याकांबद्दल?
आईला हाक मारली त्यांनी, झोपलेल्या भावाला हलवून उठवलं,
ऐका, म्हणाले, ऐका हिला काय विचारलं ते.
मग माझ्याकडे बघून, अगदी निर्धास्तपणे :
म्हणजे तेवढं तरी तुला आलंच असणार.

आलं, मी म्हटलं,
आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले.
गाठ भिजून आवळली होती. लवकर सुटेना.